अप म्हणजे टाकणे

उतेकर सर आठवीच्या वर्गात शिरायचे ते एका हातात इंग्रजीचं पुस्तक आणि दुसऱ्या हातात केरसुणी घेऊन. पुस्तक विसरलं तर चालायचं, पण केरसुणी विसरली तर अर्ध्या जिन्यावरून परत फिरायचे. महाडच्या आमच्या शाळेत नव्या आलेल्या शिक्षकाला पहिल्या दिवशी वाटायचं की हा शाळेचा गडी असावा. मग तो गडी खुर्चीत बसून हजेरी घ्यायला लागला की नवा शिक्षक गोंधळायचा. मीही गोंधळलो होतो. मी भूगोल शिकवायचो आणि आमच्या दोन वर्गांच्या मधे फळ्यांची आडभिंत होती. तिच्या फटींतून मला जेवढं इंग्रजी मिळालं तेवढं कॉलेजातही मिळालं नाही.

केरसुणी कशाला, तर 'अप' शिकवायला.

इंग्रजी भाषेचा सगळा जीव त्या दोन अक्षरी 'अप'मधे आहे, असं त्यांचं ठाम मत. 'क्लीन' काय, 'स्वीप' काय, कोणालाही येतं. साहेबाची खरी करामत 'क्लीन अप' आणि 'स्वीप अप'मधे. 'अप म्हणजे वर' असं छापणाऱ्या शब्दकोशावर त्यांचा राग होता. "झाडताना वर काय येतं? धूळ येते. हा काय अर्थ झाला?" असं म्हणत ते धोतर सावरून वर्गाच्या मधोमध उकिडवे बसत.

"बघा. स्वीप. झाडणे." केरसुणीचा एक हात फिरे. "आता स्वीप अप." मग कोपऱ्यापासून दारापर्यंतचा सगळा केर भराभर गोळा होई, सुपलीत भरला जाई आणि बाहेरच्या डब्यात रिकामा होई. उतेकर हात झटकत परत येत. "झाडून टाकणे. अप म्हणजे टाकणे. लिहा."

खोटं कशाला सांगू, नियम बराच लांबपर्यंत चालतो. ईट अप, खाऊन टाकणे. बर्न अप, जाळून टाकणे. गिव्ह अप, देऊन टाकणे. पण पोरं कुठली ऐकतात. मागच्या बाकावरून एक आवाज यायचा, "सर, स्टँड अप म्हणजे उभं राहून टाकणे का?"

"बरोबर. एकदा उभं राहून टाकलं की परत पेंगायचं नाही."

"आन ग्रो अप?"

"वाढून टाकणे. तेवढं लवकर करा, म्हणजे आम्ही सुटलो."

एकदा कोणीतरी 'ब्रिंग अप' विचारलं. पुस्तकात अर्थ होता लहानाचं मोठं करणे, पोटच्या पोरासारखं वाढवणे. नियमाप्रमाणे होत होतं आणून टाकणे. उतेकरांनी पुस्तकाकडे पाहिलं, केरसुणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तो अपवाद."

पोरांनी वहीत 'अप-वाद' असं मधे रेघ देऊन लिहिलं. हा शब्दही साहेबानेच दिला, अशी त्यातल्या निम्म्यांची समजूत झाली. त्या दिवसापासून सरांचं नाव अप्पा पडलं आणि गणपत उतेकर हे नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं. त्यांना वाटायचं मुलं मायेने अप्पा म्हणतात. तेही तितकं खोटं नव्हतं.

आम्ही शेजारी होतो. एकच लांब ओटी, मधे गुडघाभर उंचीचा कठडा, पलीकडे अप्पा आणि अलीकडे मी. माझी ओटी आणि त्यांची ओटी पाहून येणाऱ्याला वाटे की मधे तालुक्याची हद्द असावी. मला बसल्या बसल्या भुईमुगाच्या शेंगा फोडायची सवय. टरफल जमिनीला लागायच्या आत कठड्यावरून सुपली पुढे यायची. चहाचं तर विचारू नका. शेवटचा घोट बशीत असतानाच ते कप उचलून विसळायला न्यायचे. मग मी बशी धरून बसायचो, आणि तेवढ्यात बशीसाठी परत यायचे. माझी बायको म्हणायची, "भावोजींच्या घरी माणसानं सावली पाडतानाही विचार करावा."

पावसाळ्यात सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं की सगळं गाव सामान माळ्यावर चढवायच्या धांदलीत असायचं, आणि अप्पा खराटा घेऊन आपल्या पायरीवर उभे. पाणी एक पायरी उतरलं की ते एक पायरी झाडत. नदीच्या मागे खराटा घेऊन लागलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. रात्री झोपताना म्हणत, "चला, पूर आवरून टाकला."

कारण शिकवता शिकवता ते 'टाकणे' त्यांच्या मराठीतही घुसलं होतं. ते जेवून टाकत, आंघोळ करून टाकत, सत्यनारायणाला जाऊन टाकत. एस.टी.च्या कंडक्टरला म्हणत, "पोलादपूर एक देऊन टाका."

हे सगळं ज्या घरात चाले, त्या घरात सुमन नावाची त्यांची एकुलती एक मुलगी होती. आई ती लहान असतानाच गेलेली. अप्पांनीच तिला वाढवलं, वेणी घालण्यापासून भाकरी थापायला शिकवण्यापर्यंत. आणि देवाची थट्टा अशी की अख्ख्या महाडात तिच्याइतकी पसारा करणारी मुलगी नव्हती. ती चाले तिथे काहीतरी सांडे. गजऱ्याचा दोरा, पेन्सिलीची सालं, चण्याची फोलं, रिबिनीचे तुकडे. पुढे सुमन आणि मागे केरसुणी घेऊन वाकलेले अप्पा, ही मिरवणूक आम्ही रोज बघायचो. मी एकदा तिला रागावलो, तर म्हणाली, "काका, मी सांडलं नाही तर बाबा दिवसभर करतील काय?"

सुमन मॅट्रिक झाली त्या वर्षीची गोष्ट. शाळा नुकती उघडली होती. आडभिंतीपलीकडे अप्पांनी फळ्यावर नवं वाक्य लिहिलं. फादर क्लीन्ड अप आफ्टर डॉटर, असं काहीतरी. मग मोठ्या आवाजात अर्थ सांगितला, "मुलगी निघून गेल्यावर बापाने घर झाडून टाकले."

वर्ग एकदम गप्प झाला. इतका गप्प की माझ्या वर्गातली पोरंही नकाशा सोडून तिकडे कान देऊ लागली. मग दासगावाहून रोज चालत येणारा एक मुलगा उभा राहिला.

"सर, असं नाय करत."

"काय नाही करत?"

"माणूस गावास गेला का लगेच मागं झाडत नायत. तो पोचल्याचं कळलं का मग झाडतात. लगेच झाडलं तर माणूस परत येत नाय. आमची आजी सांगते."

अप्पांचा आवाज चढला. माझ्या माहितीत ते वर्गात पहिल्यांदाच रागावले. केरसुणीचा आणि एस.टी.चा काय संबंध, इथे झाडलं तर तिथे घाटात गाडीचं चाक निखळतं काय, शिकूनसवरून असल्या खुळचट समजुती बाळगायच्या तर शाळेत येता कशाला, असं बरंच बोलले. मुलगा मान खाली घालून बसला. मला आपलं वाटलं, अप्पांनी एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं.

संध्याकाळी ओटीवर मी तो विषय काढला, तर सुमन खो खो हसायला लागली. ती तेव्हा आमच्या कठड्यावर बसून चिंचोके सोलत होती, आणि सालं कुठे पडत होती ते सांगायला नको.

"अहो बाबा, आफ्टर म्हणजे गेल्यावर नाही. मागोमाग. मी सांडत जाते आणि तुम्ही माझ्या मागे झाडत येता ना, ते क्लीन अप आफ्टर."

अप्पा तेव्हा तिच्या पायाशी वाकून चिंचोक्यांची सालंच गोळा करत होते. तसेच वाकलेले राहिले आणि विचार करून म्हणाले, "म्हणजे हे मी रोज करतो ते इंग्रजीत आहे?"

"आहे तर."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात अर्थ दुरुस्त करून सांगितला. दासगावच्या मुलाला मात्र काही बोलले नाहीत.

पुढच्याच महिन्यात सुमनला साताऱ्याच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकायला जागा मिळाली. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर आणि पुढे सातारा. ऐन आषाढातले दिवस. अप्पांची मूळ वाडी त्याच घाटाच्या पायथ्याशी, त्यामुळे पावसात तो घाट काय करतो हे त्यांना नकाशा न बघता ठाऊक होतं. पण इस्पितळाने दिलेली तारीख चुकवून चालणार नव्हतं. निघायच्या दिवशी सकाळी घरात नुसती धावपळ. वळकटीला दोरी बांधताना सुतळीचे तुकडे पडले, डब्यात लाडू भरताना एक फुटला, डोक्यात माळायचा सोनटक्का हातातून गळला. अप्पा केरसुणी घ्यायला वळले तेवढ्यात बाहेरून कोणीतरी ओरडलं की गाडी लागली.

स्टँडवर त्यांनी आपल्या उपरण्याने तिची सीट पुसली, खिडकीची काच पुसली, आणि मग काही पुसण्यासारखं उरलं नाही म्हणून खाली उतरून उभे राहिले. सुमन रडत होती. हे म्हणाले, "पोचलीस की कळव." एवढंच. गाडी वळली तेव्हा पुन्हा म्हणाले, पण ते तिला ऐकू गेलं नसणार.

दुपारनंतर बाजारात बातमी आली की आंबेनळीत मोठी दरड कोसळली. एक गाडी दरडीत सापडली असं कोणी म्हणालं, सापडली नाही असं दुसरा म्हणाला. तारेचे खांब पडले होते, त्यामुळे पोस्टात विचारूनही उपयोग नव्हता. पोलादपुरापलीकडून कोणी येत नव्हतं आणि कोणी जात नव्हतं.

माझी बायको पिठलंभात घेऊन अप्पांकडे गेली आणि तशीच परत आली.

"अहो, तिकडे केर पडलाय."

मला आधी समजेचना. अप्पांच्या घरात केर पडलाय हे वाक्यच मी कधी ऐकलं नव्हतं. जाऊन पाहिलं तर खरंच. सुतळीचे तुकडे, लाडवाचा भुगा, वर्तमानपत्राचा फाटका कागद, सोनटक्का, सगळं सकाळी होतं तसं जमिनीवर. अप्पा भिंतीकडेच्या अरुंद पट्टीवरून पाऊल जपत स्वयंपाकघरात जात होते, जसं कोणी झोपलेल्या माणसाला न ओलांडता जावं तसं.

"द्या इकडे, मी काढते झाडून," बायको पुढे झाली. अप्पा लगबगीने आडवे आले.

"नको वहिनी. राहू दे."

"मुंग्या येतील भावोजी."

"येऊ देत."

आणि आल्या. दुसऱ्या दिवशी लाडवाच्या भुग्यापासून उंबऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली. अप्पांनी मुंग्यांनाही वाट दिली आणि स्वतः आणखी भिंतीला लागून चालू लागले. शाळेत ते केरसुणीशिवाय आले. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, पण चेष्टा कोणी केली नाही. दरडीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दासगावचा तो मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "सर, अप्पांची सुमनताय पोचली का हो?" मी म्हटलं, अजून कळलं नाही. तो म्हणाला, "कळेल. त्यांनी झाडलं नसेल ना?" मी त्याला रागावणार होतो, पण जीभ रेटली नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला मी अप्पांकडे गेलो. त्यांना शहाणपणाच्या चार गोष्टी सांगाव्यात असा माझा विचार. माझ्यासारख्या पसाऱ्यात लोळणाऱ्या माणसाने त्यांना घर झाडायला सांगायचं, याचं मला जाताना हसूही आलं. ते उंबऱ्याच्या आत, केराच्या अलीकडे बसले होते. मी म्हटलं, "अप्पा, तुम्हीच वर्गात सांगितलंत ना, केरसुणीचा आणि गाडीचा काय संबंध?"

"काही संबंध नाही," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी बाहेर अंगणाकडे पाहिलं. पागोळ्या गळत होत्या.

"सुमनची आई आजारी पडली तेव्हा तिला तिचे भाऊ दासगावच्या बंदरातून लाँचने मुंबईला घेऊन गेले. मी नुकता इंग्रजी शिकवायला लागलो होतो. आमची म्हातारी म्हणाली, 'गणपत, पोचल्याचा सांगावा येईतो झाडू नको रे बाबा.' मला हसू आलं. मी तिच्यासमोर मुद्दाम केरसुणी घेतली. सगळं घर झाडलं. ओटी झाडली, अंगण झाडलं."

ते समोरच्या सुतळीच्या तुकड्यांकडे बघत होते.

"मला कळतं नाना. न्यूमोनिया होता तिला. डॉक्टरनेच सांगितलं. झाडण्याचा काही संबंध नाही. मुलांना मी हेच सांगतो आणि ते खरंच आहे. पण त्या दिवशी मी झाडलं होतं."

इतकी वर्षं ज्या केरसुणीची आम्ही थट्टा केली, ती हातात धरून हा माणूस काय उगाळत असेल, हे आमच्या मनातही आलं नव्हतं. सांगायला गेलो ते शहाणपण तिथेच सोडून मी त्यांच्याशेजारी बसलो. खिशात शेंगा होत्या, पण काढल्या नाहीत.

आणखी एक दिवस गेला. तिसऱ्या प्रहरी पानांचं इरलं डोक्यावरून घेतलेला एक माणूस अंगणात येऊन उभा राहिला. पोटरीपर्यंत चिखल, अंगातून पाणी निथळतंय. तो अप्पांचा चुलतभाऊ तुका. महाबळेश्वरच्या स्टँडासमोर चहाच्या दुकानात कामाला होता. अप्पांच्या घरी असल्या पायांनी यायचं नसतं हे सगळ्या वाडीला पाठ, म्हणून तो पागोळ्यांखालीच थांबला.

"दादा, पोरगी पोचली," तो तिथूनच म्हणाला.

अप्पा उठले ते भिंत धरूनच.

"सुखरूप हाय. दरड पडली ती तिची गाडी वर गेल्यावर. मागं पडली. साताऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरपाशी तिनं निरोप धाडलान, त्यानं मला सांगितलान. मी दरड टाळून रानातनं खाली उतरलो, पोलादपुरापासून ट्रक गावला."

"आत ये," अप्पा म्हणाले.

"पाय धुतो ना."

"तसाच ये रे. तसाच आत ये."

तुकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तो अवघडून आत आला. प्रत्येक पावलाला लाल चिखलाचा एकेक ठसा उमटला आणि अप्पा त्याच्या पायांकडे न बघता त्याच्या तोंडाकडेच बघत होते. माझ्या बायकोने कठड्यापलीकडून डोळ्याला पदर लावला.

चहा पिता पिता तुकाला आठवलं. "आन आणखी एक निरोप हाय. पण काय ता मला कळला नाय. ती बोलली, बाबांना सांग, आता झाडा."

"काय?"

"आता झाडा. एवढंच. कंडक्टर बोलला, मी इचारलं तिला, काय झाडा? तर बोलली, त्यांना कळेल."

अप्पांना कळलं. मलाही कळलं. त्यांना वाटायचं, आपली ही दुबळी जागा कोणालाच ठाऊक नाही. पण आत्याकडे आठ दिवस जाऊन आलं तरी आतल्या खोलीतला आपला पसारा जसाच्या तसा सापडतो, हे त्या पोरीने लहानपणापासून पाहिलेलं असणार. तिने कधी विचारलं नाही आणि यांनी कधी सांगितलं नाही.

तुका गेल्यावर अप्पांनी केरसुणी घेतली. मला वाटलं, आता वीज चमकावी तसा हात फिरेल. पण ते खाली बसले ते बसूनच राहिले. मी म्हटलं, "आता काय अडलं? पोचली ना?"

"पोचली. म्हणूनच," ते म्हणाले. "आता झाडायलाच हवं."

मग झाडलं. सावकाश, कोपऱ्या-कोपऱ्यातून, मुंग्यांची रांग जाईपर्यंत थांबत. शेवटी तुकाच्या पावलांचे ठसे पुसले. घर पुन्हा अप्पांचं घर झालं आणि त्या स्वच्छ घरात ते एकटेच मधोमध उभे राहिले. माझ्याने ते बघवेना. मी मूठभर शेंगा काढल्या आणि त्यांच्या ओटीवर बसून फोडायला लागलो. टरफलं मुद्दाम लांब लांब टाकली. ते सुपली घेऊन आले, पण नेहमीसारखे रागावले नाहीत.

सोमवारी पहिल्याच तासाला आडभिंतीपलीकडे त्यांचा आवाज आला. केरसुणी परत आली होती.

"क्लीन अप. आपण काय अर्थ लिहिला होता?"

"साफ करून टाकणे," वर्ग एका सुरात.

"टाकणे खोडा. ठेवणे लिहा. साफ करून ठेवणे."

पानं उलटल्याचा आवाज झाला. मग मागच्या बाकावरचा तो नेहमीचा आवाज, "सर, ठेवणे का?"

"अरे, कोणीतरी परत येणार असतं, म्हणून तर झाडायचं. येणार नसतं तर झाडलं काय आणि न झाडलं काय?"

मी नकाशावर छडी ठेवून तसाच उभा होतो. माझ्या वर्गात कोणी हसत नव्हतं.

"मग सर, ब्रिंग अप म्हणजे पोरांना वाढवून ठेवणे?"

पलीकडे केरसुणी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नाही रे," अप्पा म्हणाले. "ती ठेवता येत नाहीत. तो अपवाद."